नसलेला फलक

“असा कोणताही फलक तिथे नाही,” टिपणीस म्हणाले.

फलक माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर होता. मध्ये फक्त हेल्मेटची काच.

“सर, मी त्याच्याकडेच बघतेय,” मी म्हटलं. “ॲल्युमिनियमचा पत्रा आहे. हातभर लांब, वीतभर रुंद. चार कोपऱ्यांना चार रिव्हेट. वर कोरलंय, ‘अरुंधती अंतराळ दुर्बीण, राष्ट्रार्पण सोहळा’. खाली नावं आहेत.”

साडेपाचशे किलोमीटर खाली, सासवडच्या पठारावरच्या आमच्या नियंत्रण कक्षात कागद उलटल्याचा आवाज आला.

“विशाखा, माझ्यासमोर आराखडा आहे. शेवटची सुधारित प्रत. त्या जागी काहीही नाही. तू दुसऱ्याच दारासमोर तर नाहीस ना?”

“दार क्रमांक चार. वर्णपटयंत्राचं. हवं तर लोपीस सरांना विचारा.”

“आहे,” लोपीस सर म्हणाले. एका वाक्यात काम होत असेल तर ते दुसरं वाक्य वापरत नसत.

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी चौतीस वर्षांची होते आणि माझं हे पहिलंच उड्डाण होतं. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागांवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. त्यामुळे ‘चौगुले बाईंच्या रक्तातच दुरुस्ती आहे’ असं आमच्या संस्थेच्या पत्रकात छापलं होतं. माझे जोडीदार दुमिंग लोपीस मूळचे वसईचे. हवाईदलात नवीन विमानं उडवून बघण्याचं काम त्यांनी वीस वर्षं केलं होतं. आणि खालून आमच्याशी बोलणारे टिपणीस. स्वभावाने अतिशय भला माणूस. नियम असा होता की अंतराळात काम करणाऱ्यांशी फक्त एकाच माणसाने बोलायचं, बाकी सगळ्यांनी आपलं म्हणणं त्याच्या कानात सांगायचं. तो माणूस टिपणीस.

अरुंधती दुर्बीण सहा वर्षं वर फिरत होती. तिच्यात दोन मुख्य उपकरणं. एक कॅमेरा. त्याने काढलेले तेजोमेघांचे रंगीत फोटो सरकारी कॅलेंडरांवर आणि शाळांच्या भिंतींवर गेले होते. दुसरं वर्णपटयंत्र. ते ताऱ्याचा प्रकाश रंगारंगांत पसरवतं आणि तारा कशाचा बनलाय ते सांगतं. पण त्यातून निघते एक वेडीवाकडी रेघ, आणि रेघ काही कॅलेंडरवर छापता येत नाही. ते यंत्र अकराव्या दिवशीच बंद पडलं. त्याला वीज पुरवणारं एक कार्ड जळालं होतं. कॅमेरा बंद पडला असता तर लोकसभेत प्रश्न विचारला गेला असता. वर्णपटयंत्र बंद पडल्याचं खरं दुःख एकाच व्यक्तीला झालं. डॉ. कमल उपळेकर. एकोणीस वर्षं खपून त्यांनी ते यंत्र बनवलं होतं.

आमची मोहीम दुर्बिणीच्या बॅटऱ्या बदलण्यासाठी होती. ते कार्ड बदलण्याचं काम तिच्यात घुसवण्यासाठी उपळेकर मॅडम चार वर्षं एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरल्या. शेवटी त्यांना एक दिवस मिळाला. तो हा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं यान दुर्बिणीपासून सुटणार होतं, आणि पुन्हा कुणी तिकडे जाणार नव्हतं.

दार क्रमांक चार मी पाण्याच्या टाकीत, खोट्या दुर्बिणीवर दोनशे सतरा वेळा उघडलं होतं. डोळे मिटून उघडलं असतं. फक्त त्या खोट्या दुर्बिणीवर फलक नव्हता. खऱ्या दारावर तो बरोब्बर आडवा बसवला होता. अर्धा दारावर, अर्धा चौकटीवर, आणि त्याच्याखाली दाराचे दोन बोल्ट.

तो तिथे कसा आला हे नंतर कळलं. उड्डाणाच्या आधी दुर्बिणीचं शेवटचं वजन झालं की तिच्यात एक टाचणीसुद्धा वाढवायची नाही, असा कडक नियम. वजन झालं. मग चार दिवसांनी राष्ट्रार्पण सोहळा झाला. त्यासाठी फलक बनला. आणि अशी नावं जमिनीवर का राहावीत, असं कुणाच्या तरी मनात आलं. फोटोत नीट यावा म्हणून तो छातीच्या उंचीवर ठोकला. कागदावर नोंद केली असती तर पुन्हा वजन करावं लागलं असतं, म्हणून नोंद केली नाही. फोटो मात्र भरपूर निघाले. फक्त त्या प्रत्येक फोटोत फलकासमोर मान्यवर उभे होते, त्यामुळे फलक कुठेच दिसत नव्हता.

“सर, तो काढल्याशिवाय दार उघडणार नाही,” मी म्हटलं. “परवानगी द्या. पाच मिनिटांचं काम आहे.”

“थांब. विचारतो.”

आमच्या सूटमध्ये सात तासांचा प्राणवायू होता. त्यातले पावणेदोन तास गेले होते. कार्ड बदलायला साडेतीन तास लागणार होते, आणि परत यानात शिरायला एक. उरलेल्या वेळाचा हिशेब मला तोंडी करता येत होता. टिपणिसांना नऊ मिनिटं लागली.

“विशाखा, संचालक विचारतायत, फलकावर नावं कुणाची आहेत?”

“चौदा आहेत.”

“वाचून दाखव. सावकाश. इथे लिहून घेतायत.”

मी वाचली. पृथ्वीभोवती ताशी सत्तावीस हजार किलोमीटरच्या वेगाने फिरत, दोन पाय एका कडीत अडकवून, मी चौदा नावं त्यांच्या पदव्यांसकट वाचली. त्यात मंत्री होते, सचिव होते, दोन उपसचिव होते, मंडपाची व्यवस्था बघणारे एक गृहस्थ होते. उपळेकर हे नाव नव्हतं.

“सातव्या क्रमांकावर कोण म्हणालीस?”

मी पुन्हा सांगितलं. तेव्हाचे राज्यमंत्री.

“ते आता कॅबिनेट मंत्री आहेत,” टिपणीस म्हणाले. “आपल्याच खात्याचे.”

“माहीत आहे सर.”

“आणि आत्ता इथे आलेत. वीस मिनिटांत त्यांचा तुझ्याशी थेट संवाद आहे. शाळेतली मुलं पण आहेत. दूरचित्रवाणीवर सगळीकडे दिसणार आहे.”

“मग त्यांनाच विचारा ना!”

“त्यांना काय विचारू? तुमचं नाव उचकटू का म्हणून?” टिपणिसांचा आवाज खाली आला. “आधी फलक आहे की नाही हे तर ठरू दे. कागदोपत्री तो नाही. जो नाहीच तो काढायची परवानगी कशी देणार? आणि आहे असं म्हटलं, तर वजनाच्या कागदावर सह्या केलेले सगळे अडकतात. संचालकांसकट. तू समजून घे.”

मी लोपीस सरांकडे बघितलं. त्यांच्या हेल्मेटच्या सोनेरी काचेत मला फक्त मीच दिसत होते, आणि माझ्यामागे निळी पृथ्वी.

वीस मिनिटं आम्ही तशीच लटकत राहिलो. मग कानात संगीत वाजलं, आणि मंत्र्यांचा आवाज आला.

“नमस्कार विशाखाताई! कसं वाटतंय?”

“नमस्कार सर. छान वाटतंय.”

“तिथून आपला महाराष्ट्र कसा दिसतोय?”

त्या वेळी आमच्याखाली पॅसिफिक महासागर होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं पाणी.

“फार सुंदर दिसतोय सर.”

“वा! आणि आमचा मतदारसंघ?”

“तोही.”

खाली टाळ्या वाजल्या. मग एका मुलीला प्रश्न विचारायला उभं केलं. बारीक, धीट आवाजात तिने विचारलं, “मॅडम, तुम्ही आत्ता नेमकं काय दुरुस्त करताय? आणि ते बिघडलं कशामुळे?”

मी तोंड उघडलं, तेवढ्यात सूत्रसंचालक मध्येच म्हणाला, “अतिशय सुंदर प्रश्न! वेळेअभावी आपण पुढे जाऊ या.”

शेवटी मंत्री म्हणाले, “ताई, काम कसं चाललंय? काही अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा. आम्ही इथे बसलोय कशाला?”

ते खरोखर आपुलकीने विचारत होते. आजही मला तसंच वाटतं. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचं नाव होतं, सातव्या ओळीत, सुबक कोरलेलं. एक वाक्य पुरे होतं. सगळा देश ऐकत होता, त्यांना नाही म्हणणं जमलंच नसतं. पण दुसऱ्या कानात टिपणीस कुजबुजले, “सकारात्मक, विशाखा, सकारात्मक.”

“काहीच अडचण नाही सर,” मी म्हटलं. “उत्तम चाललंय.”

पुन्हा टाळ्या. संगीत.

त्यानंतर टिपणीस जे म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. “विशाखा, तीन जणांची उपसमिती नेमली आहे. तिच्यापुढे दोन मुद्दे आहेत. फलक अस्तित्वात आहे काय? आणि असल्यास, तो काढायला संबंधित मान्यवरांची संमती लागेल काय? चौदातले दोघे वारले आहेत. त्यांच्या वारसांचं काय करायचं, हे विधी विभागाला विचारलंय. चाळीस मिनिटं लागतील. तोपर्यंत विश्रांती घे.”

“सर, चाळीस मिनिटांनी कार्ड बदलायला वेळच उरणार नाही.”

“मला कळतंय गं. मी काय करू?”

मी चिडून फलकावर हात आपटला. पोकळीत आवाज होत नाही, पण पत्रा थरथरला ते हातमोज्यातून कळलं. कडा ढिली होती.

लोपीस सर काहीच बोलले नाहीत. आमचं बोलणं खाली ऐकू जात होतं. त्यांनी कमरेच्या पिशवीतून छोटी पहार काढली, चमच्याएवढ्या चपट्या टोकाची, आणि दांडा माझ्याकडे करून पुढे धरली. मी ती घेतली. आमच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांचं चित्र खाली कुणी बघत नव्हतं. ती वाहिनी मंत्र्यांचा संवाद वृत्तवाहिन्यांना पुन्हा दाखवण्यासाठी वापरली जात होती.

पहार फलकाखाली सरकवली आणि जोर लावला. वजन नसलेल्या जागी जोर लावणं म्हणजे पत्रा हलण्याआधी माणूसच हलतो. लोपीस सरांनी माझा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला. मी पुन्हा जोर लावला. खांदे भरून आले, हेल्मेटमध्ये माझाच श्वास घुमायला लागला. पहिलं रिव्हेट सुटलं. लोपीस सरांनी ते तरंगताना चिमटीत पकडलं. मग दुसरं.

तेवढ्यात कानात खरखर झाली, कुणीतरी “मॅडम, अहो मॅडम!” म्हणालं, आणि एक वेगळाच आवाज आला. बायकी, जरासा घोगरा, घाईतला.

“विशाखा, उपळेकर बोलतेय. तो फलक काढ. मी सांगतेय म्हणून काढ. जबाबदारी माझी. ऐकू आलं ना? माझी. नोंद करा म्हणावं सगळ्यांना.”

त्यांनी टिपणिसांच्या डोक्यावरचा हेडसेट ओढून घेतला होता. आमच्या संस्थेच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं.

“हो मॅडम,” मी म्हटलं.

उरलेली दोन रिव्हेट सुटायला पाच मिनिटं लागली. शेवटचं सुटताना पत्रा उसळला आणि त्याची धार माझ्या डाव्या हातमोज्यावरून गेली. बाहेरचा थर नखभर फाटला. आतला फाटला असता तर मी ही गोष्ट सांगायला उरले नसते. लोपीस सरांनी माझा हात धरून ती चीर बघितली, माझ्या छातीवरचा दाबमापक बघितला. काटा जागचा हलला नव्हता. पुढचे तीन तास तो काटा बघत बघतच मी काम केलं. दार उघडलं, जळकं कार्ड ओढून काढलं. उपळेकर मॅडमनी नऊ वेळा तपासलेलं नवं कार्ड आत सरकवलं. ते खट्कन बसल्याचं बोटांना कळलं.

बऱ्याच वेळाने टिपणीस म्हणाले, “विशाखा, वीज पोचली. यंत्र जिवंत आहे.” ते चक्क रडत होते.

“मॅडमना सांगा,” मी म्हटलं.

“त्या इथे नाहीत. त्यांना बाहेर नेलंय.”

फलक सोडून दिला असता तर तो दुर्बिणीच्या आसपासच फिरत राहिला असता, म्हणून पिशवीत घालून खाली आणला. परतीच्या सामानाच्या यादीत त्याची नोंद झाली, ‘अनोळखी धातूचा पत्रा, एक नग’. अशा रीतीने सहा वर्षांत पहिल्यांदाच तो कागदावर आला.

चौकशी समिती बसली ती महिन्याभराने. फलक बसवला कुणी, हा तिचा विषय नव्हता. विषय होता, ‘अंतराळातल्या कामात अनधिकृत व्यक्तीने केलेला हस्तक्षेप’. अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते, गोड बोलणारे. त्यांनी मला चहा दिला.

“चौगुले मॅडम, एकच प्रश्न. तुम्ही फलक काढायला सुरुवात केली ती डॉ. उपळेकरांची सूचना आल्यानंतर. बरोबर?”

मी कप खाली ठेवला.

“आधी केली असेल,” ते हळूच म्हणाले, “तर मग तो तुमचा स्वतःचा निर्णय ठरतो. विनापरवाना. असा माणूस पुन्हा उड्डाणाला पाठवता येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. नंतर केली असेल, तर तुम्ही फक्त सूचना पाळलीत. डॉ. उपळेकर तशाही चार महिन्यांत निवृत्त होतायत.”

भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. मला आठवतं की मी त्यात काही सेकंद मोजले. फार नाहीत.

“नंतर,” मी म्हटलं.

माझ्यानंतर लोपीस सर आत गेले. त्यांनी जे घडलं ते तसंच सांगितलं. सूचना येण्याआधी दोन रिव्हेट निघाली होती, आणि पहार त्यांनीच मला दिली होती. अहवालात लिहिलं गेलं, ‘श्री. लोपीस यांच्या कथनात थकव्यामुळे घटनाक्रमाचा गोंधळ दिसतो.’ त्यांना पुन्हा उड्डाण मिळालं नाही. ते वसईला त्यांच्या पानवेलीच्या बागेत गेले. बाहेर पडताना ते माझ्याशी नेहमीसारखंच बोलले, म्हणजे फारसं नाही.

समितीचं काम संपलं त्याच दिवशी उपळेकर मॅडमचा प्रवेशपास काढून घेतला. तीन आठवड्यांनी त्यांच्या यंत्रातून पहिला वर्णपट आला तेव्हा त्या केंद्राच्या फाटकाबाहेरच्या माणूस होत्या. वर्णपटाची भिंतभर मोठी प्रत केंद्राच्या दालनात लावली. तिच्यासमोर माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मंत्री म्हणाले, अडचणीतही हसतमुखाने ‘उत्तम चाललंय’ म्हणणारी ही आपली लेक. माझं दुसरं उड्डाण त्याच व्यासपीठावर जाहीर झालं.

त्यानंतरच्या रविवारी मी फलटणला गेले. मॅडम तिथे बहिणीकडे राहत होत्या. दुपारची वेळ होती. त्यांनीच दार उघडलं. साधी नऊवारी साडी, डोळ्यांवर चष्मा, हातात भाजी निवडायची ताटली.

“ये. चहा टाकते,” म्हणाल्या.

कप पुढे आला तरी मला सुरुवात जमेना. शेवटी म्हटलं, “मॅडम, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. तुमचा आवाज आला ना, त्याच्या आधीच मी...”

“फलकाला हात घातला होतास. माहीत आहे.”

“लोपीस सरांनी सांगितलं?”

“कुणी सांगायला कशाला हवं? मी बाजूच्या खोलीत बसून तुझं ऐकत होते. कानात तुझा श्वास येत होता. विश्रांती घेत लटकलेला माणूस असा श्वास घेत नाही.” त्या मेथीची पानं खुडत होत्या. “मला कळलं, तू काम सुरू केलंयस. पाच मिनिटांत खालच्यांनाही कळलं असतं. मग तुला थांबवलं असतं, परत आत बोलावलं असतं. म्हणून पळत गेले. तुझं काम उघड व्हायच्या आत परवानगी पोचायला हवी होती ना.”

जी सूचना मी ढाल म्हणून वापरली होती, ती मुळात माझ्यासाठीच धरलेली होती.

“मी समितीत खोटं बोलले,” मी म्हटलं.

“तू ‘आधी’ म्हणाली असतीस तर मी खोटी ठरले असते,” त्या म्हणाल्या. “माझ्या सूचनेनंतरच तू हात लावलास, असं मी त्यांना तुझ्याआधीच लिहून दिलं होतं. झालं ते झालं. ते सोड.” त्यांनी ताटली बाजूला ठेवली आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. “मला एक सांग. पहिला वर्णपट कसा आलाय? मला कुणी पाठवत नाही गं. सोडियमच्या दोन रेषा शेजारी शेजारी असतात. त्या सुट्या दिसतात, की मिसळून एकच जाड रेघ दिसते? तेवढंच सांग. सुट्या दिसत असतील, तर एकोणीस वर्षं बरोबर गेली.”

मी त्या भिंतीसमोर पाऊण तास उभी होते. हार घातला गेला तेव्हा, भाषण झालं तेव्हा, फोटो निघाले तेव्हा. भिंत सगळा वेळ माझ्या पाठीमागे होती.

“मॅडम,” मी म्हटलं, “मी... बघितलं नाही.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. खोटं बोलल्याचं सांगितलं तेव्हा बघितलं होतं, त्याहून कितीतरी जास्त वेळ. मग चष्मा काढून पदराने पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि मेथीची ताटली मांडीवर घेतली.

“चहा घे,” त्या म्हणाल्या. “निवतोय.”